गुलशनाबादचा रुपया

दादांना एकच नाणं हवं होतं आणि ते रियाजचाचांकडे होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं कुणाला साखर आहे, कुणाला वांगं चालत नाही हे ठाऊक असतं.

वडिलांना मी दादा म्हणायचे. ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत आणि दादा त्यावरून कवळी, कॅप, ब्रिज, काय हवं ते बनवून देत. अशोकस्तंभाजवळ दोन खोल्यांची लॅब होती. आधी मेणात दात कोरायचा. तो मेणाचा दात प्लॅस्टरसारख्या मसाल्यात पुरायचा. भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जायचं आणि आत राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. अर्धं नाशिक त्यांच्या दातांनी जेवलं असेल, पण पुंजा हे त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. नाव डॉक्टरांचं असायचं.

रियाजचाचांचं दूध बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोघांची ओळख बुधवारच्या बाजारात झाली. गोदावरीची वाळू चाळून सापडेल ते विकणारा एक माणूस तिथे फडकं पसरून बसायचा. त्याच्यासमोर दोघे एकाच वेळी उकिडवे बसले, एकाच नाण्याकडे दोघांचा हात गेला आणि दोघांनीही खिशातून भिंग काढलं. एकाचं दातांचं, एकाचं घड्याळाचं. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. दादा सांगायचे तेव्हा नाणं चाचांना मिळायचं आणि चाचा सांगायचे तेव्हा दादांना.

तेव्हापासून दर रविवारी दादा दूध बाजारात जात. दुकानाच्या वर चाचांचं घर, तिथे काचेचं टेबल, त्यावर ट्रे मांडलेले. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत सोबत जायचे. बिलकिसचाची मला खजुराचा हलवा द्यायच्या आणि म्हणायच्या, "या दोघांना देऊ नकोस. हे तांबं-चांदी खातात."

दादा निफाडकडच्या एका खेड्यातले. मोडी त्यांनी स्वतः शिकून घेतली होती, फारसी मात्र त्यांना चाचांनी शिकवली. सगळी नाही, नाण्यांपुरती. बादशहाचं नाव, सालाचे आकडे, टाकसाळीचं नाव. दादांनी सगळ्यात आधी वाचायला शिकलेला शब्द होता गुलशनाबाद. नाशिकचं मोगलाईतलं नाव. इथल्या टाकसाळीत पाडलेल्या रुपयांवर ते असायचं आणि पुढे मराठ्यांच्या अमलातही राहिलं.

पण ते नाण्यावर पूर्ण कधी दिसत नाही. साचा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे हातोडा पडला की अक्षरं कडेनं कापली जात. कुठे नुसतं 'गुल', कुठे नुसतं 'बाद'. दादांकडे असे एकोणीस रुपये होते. एकोणीस तुकड्यांत कापलेलं आपल्या गावाचं नाव.

रियाजचाचांना येवल्याच्या एका सराफाच्या मोडीच्या चांदीत जो रुपया सापडला, त्यावर ते पूर्ण होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"भाई, देऊन टाका," दादा म्हणायचे.

"माझ्या मयतीनंतर," चाचा म्हणायचे.

"तोवर मी राहीन का?"

"मग लवकर मरतो. बिलकिस, ऐकलंस का, पुंजाला घाई आहे."

दर रविवारी हेच. मला वाटायचं, आपल्या आयुष्यातल्या न बदलणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे.

एकदाच, दोन हजार आठ साली, चाचांनी ते नाणं दादांना आठवडाभर लॅबवर नेऊ दिलं. ठसा घ्यायला. संग्राहकांमध्ये हे चालतं. नाणं मिळत नसेल तर त्याचा प्लॅस्टरचा ठसा जवळ ठेवतात. दातांचा ठसा घ्यायचा गुलाबी मसाला दादांकडे होताच. पुढच्या रविवारी दादांनी नाणं परत नेऊन दिलं आणि तेव्हापासून त्यांच्या ट्रेच्या विसाव्या खणात एक पांढरी प्लॅस्टरची चकती होती. पाहुण्यांना ट्रे दाखवताना दादा त्या चकतीवर बोट ठेवून म्हणत, "हा आमचा खोटा दात."

यंदाच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी दादांना घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. दादा माझ्याकडेच, इंदिरानगरला होते. मी रजा टाकली. माझ्या मनात त्यांना विचारायच्या गोष्टींची यादी होती. आईची आणि त्यांची चार वर्षं बोलाचाल बंद होती, मी तेव्हा शाळेत होते, ते कशामुळे, हे मला कधीच कळलं नव्हतं. खेड्यातलं घर त्यांनी का सोडलं. अशा गोष्टी. पण त्याआधी मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला, त्याच्या मनातलं, एकदा तरी.

म्हणून मी रविवारी दूध बाजारात गेले. दादांची तीन चांगली नाणी डबीत घालून नेली होती, अदलाबदलीसाठी.

बिलकिसचाचींनी दार उघडलं. "ये गं उजू. चप्पल आत घे, जिन्यावरून कुत्रं पळवतं."

चाचा टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणी बसू नये म्हणून की काय, वर्तमानपत्रं ठेवलेली.

"कसा आहे तो?"

"डॉक्टर म्हणाले, आठवडा. जास्तीत जास्त."

"डॉक्टर काय घड्याळजी आहेत का? आठवडा म्हणे."

"तुम्ही एकदा येऊन जा ना चाचा. आठवण काढतात."

"गुडघे," चाचा म्हणाले.

"रिक्षा खालपर्यंत येते. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"गुडघे, उजू."

मी डबी उघडून टेबलावर ठेवली आणि कशासाठी आले ते सांगितलं. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांतली दोनच बोलले, कारण चाचा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की पुढचं सुचेना.

"त्यानं सांगितलं मागायला?"

"नाही. त्यांना माहीत पण नाही मी इथे आलेय ते."

"खरं?"

"खरं."

"मग ने."

त्यांनी कपाटातून ट्रे काढला. ज्या माणसानं सतरा वर्षं हे नाणं कुणाला विकलं नाही, त्यानं ते दोन बोटांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. मी आणलेल्या डबीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"अदलाबदल नको. अमानत म्हणून ने. तो आहे तोवर त्याच्याकडे. नंतर परत आणायचं, माझ्या हातात. कबूल?"

"हो."

"हो नाही. कबूल म्हण."

"कबूल."

"आणि त्याला सांग, भाईंनी स्वतःच्या हातानं काढून दिलं. भिंग दे त्याला. नीट बघू दे."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. एरवी मी असं करत नाही, आणि त्यांनाही ते आवडत नाही. त्या दिवशी त्यांनी अडवलं नाही. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, आणि ते बरं वाटणारं रडू होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुपारचे तीन वाजले होते. दादा जागे होते. उशीला टेकवून त्यांना बसवलं, चष्मा पुसून दिला, हातात भिंग दिलं आणि दुसऱ्या हातात नाणं ठेवलं.

"काय आहे?"

"बघा तर."

त्यांचे हात खूप बारीक झाले होते, पण भिंग धरायची पद्धत तीच होती, अंगठा आणि मधलं बोट. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मला वाटलं होतं, ते खूप वेळ बघतील. त्यांनी एकदाच पाहिलं. मग नाणं उलटलं, मागची बाजू एकदा पाहिली.

"भाईंनी दिलं?"

"स्वतःच्या हातानं काढून दिलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भिंग दे त्याला. नीट बघू दे."

दादांनी भिंग खाली ठेवलं. मूठ मिटली. डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडे गेलं. मी फोटो काढला. मिटलेली मूठ, ओले डोळे. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दादांना अखेर मिळालं'. एकवीस जणांनी हात जोडले. चाचांनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, पण दोन निळ्या खुणा आल्या.

त्यानंतर दादा बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुखतंय का विचारलं तर मान नाही म्हणून हलवायची. पाणी हवंय का, नाही. मी शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी वाटलं, थकलेत. दुसऱ्या दिवशी आईचं नाव काढलं, तर त्यांनी चादर कानापर्यंत ओढून घेतली. अंग पुसताना मूठ उघडावी लागायची. पुसून झालं की ते नाणं परत मागत, बोलून नाही, हात पुढे करून. चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ते गेले. मूठ मी सोडवली. तळव्यावर गोल वळ उठला होता.

चाचा अमरधाममध्ये आले होते. त्या दिवशी गुडघे चालले. लांब, नळाजवळ उभे राहिले, माझ्याजवळ आले नाहीत आणि कुणाशी न बोलता निघून गेले. महिन्यानं त्यांचा फोन आला.

"उजू, ती अमानत."

"हो चाचा. या रविवारी आणते."

त्या आठवड्यात मी लॅब रिकामी करत होते. जागामालकाला खोल्या हव्या होत्या. भिंतभर फळ्यांवर जबड्यांचे प्लॅस्टरचे नमुने होते, शेकडो, प्रत्येकाखाली पेन्सिलनं नाव. त्यांतले निम्मे लोक आता नसतील. खालच्या खणात छोटे पुठ्ठ्याचे डबे होते. कॅप तयार झाली की अशा डब्यात कापसावर ठेवून दवाखान्यात जायची. डब्यावर पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि तारीख.

एका डब्यावर दादांच्या अक्षरात लिहिलं होतं: रियाज. डॉक्टरांची जागा कोरी. तारीख, १२ ऑक्टोबर २००८.

मला आधी हसू आलं. चाचांचे दात शाबूत आहेत, पंचाहत्तरीतही ते ऊस सोलून खातात. मग डबा उघडला. कापसावर रुपया होता. गुलशनाबाद, पूर्ण नाव.

माझ्या पर्समध्ये अमानत होती. मी ती काढून शेजारी ठेवली.

मी संग्राहक नाही. पण मी दादांची मुलगी आहे आणि त्यांनी मला पहिली शिकवलेली गोष्ट ही होती, की हातानं पाडलेली दोन नाणी कधीही एकसारखी नसतात. साचा एक असला तरी हातोड्याचा घाव वेगळा पडतो, तुकड्याची कड वेगळी असते. शिवाय चांदी खरी आहे का बघायला जुने सराफ नाण्यावर छोटे ठोसे मारून ठेवत. ते ज्याच्या त्याच्या हाताचे, कुठेही पडलेले. दोन नाण्यांवर सारखे ठोसे सारख्याच जागी असतील, तर त्यांतलं एक दुसऱ्याच्या पोटातून आलेलं असतं. दादांचे शब्द. मी दहा वर्षांची असेन.

दोन्ही रुपयांवर तीन ठोसे होते. एक चंद्रकोरीसारखा, दोन टिंबं. तिन्ही त्याच जागी. कडेची चीरही तीच.

दादांचा वजनकाटा टेबलावरच होता, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. डब्यातला रुपया अकरा ग्रॅम एकशे ऐंशी मिलिग्रॅम भरला. अमानत, दहा ग्रॅम सहाशे दहा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. भिंगातून अमानतीच्या अक्षरांच्या कडा जरा मऊ दिसत होत्या, आणि 'बाद'च्या वर टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार भोकं. एवढं सोडलं तर काम अप्रतिम होतं. दादांच्या हातून वाईट काम कधी झालंच नाही.

मी स्टुलावर बसले. समोर जबड्यांच्या रांगा. दादांनी प्लॅस्टरची चकती सगळ्यांना दाखवली आणि खरा रुपया डब्यात घालून ठेवला. चाचांच्या ट्रेमध्ये स्वतः ओतलेला नेऊन ठेवला. आणि नंतर सोळा वर्षं, दर रविवारी, समोर बसून म्हणत राहिले: भाई, देऊन टाका.

मग मला ते चार दिवस आठवले. भिंतीकडे केलेलं तोंड. आणि चाचांचं वाक्य. भिंग दे त्याला, नीट बघू दे.

रविवारी मी दूध बाजारात गेले तेव्हा खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचललेली होती. चाचा म्हणाले, "बस." मी दादांच्या खुर्चीवर बसले. बिलकिसचाची चहा ठेवायला आत गेल्या.

मी दोन्ही रुपये काचेवर ठेवले. चाचांनी भिंग घेतलं नाही. नुसतं बघून त्यांनी डब्यातला रुपया ओळखला आणि त्याच्यावर बोट ठेवलं, जसं नाडी बघताना ठेवतात.

"कुठे होता?"

"लॅबमध्ये. तुमच्या नावाच्या डब्यात."

"माझ्या नावाच्या?" ते हसल्यासारखं करून म्हणाले, "वा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच रविवारी. त्यानं परत दिला, मी या काचेवर टाकला. घाव घालून पाडलेली चांदी गाते, उजू. ओतलेली असली की नुसती पडते. जन्मभर घड्याळं ऐकली मी. मला काटा लागत नाही."

"दादांसमोर टाकलात?"

"समोर. तो चहा पीत होता. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाला, भाभी, आज साखर कमी पडली."

आत कपबशांचा आवाज होत होता.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलायचं? चोर म्हणायचं? म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी कोण आलं असतं इथे? माझी मुलं या ट्रेंना भंगार म्हणतात. आख्ख्या नाशकात मी एका माणसाला ही अक्षरं शिकवली." त्यांनी खोट्या रुपयाकडे पाहिलं. "म्हटलं, थांबू. एक ना एक दिवस स्वतः सांगेल. दोन महिने थांबलो, मग दोन वर्षं. तो यायचा, तोंड वर करून मागायचा, देऊन टाका. मी म्हणायचो, मयतीनंतर. तो हसायचा आणि मी त्याचे दात बघायचो."

"आणि मी आले तेव्हा तुम्ही मला हा काढून दिलात."

"तू मागायला आलीस. मी नव्हतो आलो."

"नाही म्हणता आलं असतं तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "आलं असतं."

"मग?"

"जाता जाता तरी बोलेल, असं वाटलं. मला ऐकायचं होतं."

"ऐकायचं होतं तर यायचं होतं, चाचा. रिक्षा खालपर्यंत येते."

त्यांनी मान खाली घातली. मी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

"फोटो बघितला मी," ते म्हणाले. "रडत होता. काय म्हणाला, उजू?"

मला कळलं, या प्रश्नासाठी त्यांनी खुर्ची रिकामी केली होती. अमानत हे निमित्त होतं. सोळा वर्षं थांबलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काहीही सांगू शकले असते. दादांनी माफी मागितली, म्हणाले भाईंना सांग माझं चुकलं. त्यांनी ते मानलं असतं. त्यांना ते हवंच होतं. मला वाटतं, दादांनाही ते हवं असेल. पण त्यांच्या वतीनं बोलायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि फुकट देण्यासारखं माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

"विचारलं, भाईंनी दिलं का. तुम्ही सांगितलेलं मी सांगितलं. मग मूठ मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं."

"नंतर?"

"नंतर काही नाही. चार दिवस काही बोलले नाहीत."

"तुझ्याशी?"

"कुणाशीच."

"तुझ्याशी पण नाही?"

"मी त्या खोलीत दुसरं काय करत होते, चाचा? मला त्यांना आईबद्दल विचारायचं होतं. बरंच विचारायचं होतं. डॉक्टरांनी आठवडा दिला होता, त्यातले ते चार दिवस माझे होते. तुम्ही त्यांना निरोप पाठवलात आणि निरोप्या मी. मी तर तुमच्या पाया पडून तो घेऊन गेले."

चाचांचे हात टेबलावर होते, म्हातारे, नखांत काळं तेल अजून. मला त्यांची दया यायला हवी होती. ती थोडी आलीही, पण पुरली नाही. दादांसाठी पण पुरली नव्हती. लॅबमध्ये त्या स्टुलावर बसून मी त्यांच्यासाठी रडायचा प्रयत्न केला होता आणि मनात एकच हिशेब फिरत होता, की त्या फोटोत ते आनंदानं रडत नव्हते.

मी खरा रुपया त्यांच्याकडे सरकवला. "हा तुमचा."

त्यांनी तो उचलला, हातभर उंचीवरून काचेवर टाकला. तो गायला. खरंच गायला. बारीक, लांब, संपता संपेना. मी असा आवाज पहिल्यांदाच ऐकला. दादांनी हा ऐकून ठेवला असणार, आणि नंतर सोळा वर्षांत कधी ऐकला असेल, लॅबचं दार लावून, एकट्यानं, हे मला सांगता येणार नाही.

मी दुसऱ्या रुपयाकडे हात नेला, तर चाचांनी आधीच त्यावर तळहात ठेवला होता.

"हा राहू दे."

"हा दादांचा आहे."

"हा माझ्या कपाटात सोळा वर्षं होता. तू कबूल म्हणाली होतीस. हाच परत आणायचा ठरलं होतं, तो दुसरा नाही." त्यांनी खरा रुपया माझ्याकडे ढकलला. "हा ने. याच्यासाठी त्यानं मला विकलं, याच्यासाठी मी तुला. मला घरात नको."

"मलाही नको."

"त्यानं माझ्यासाठी एवढी एकच वस्तू बनवली, उजू."

"चाचा, चार दिवस ती त्यांच्या मुठीत होती. शेवटचे. माझ्या हातात त्यांनी काही दिलं नाही. हात काढा."

ते हात काढत नव्हते. पंचाहत्तर वर्षांचा माणूस आणि सत्तेचाळीस वर्षांची बाई, एका खोट्या रुपयावर. मी त्यांची बोटं धरली आणि एकेक करून उचलली. दादांची उचलली होती तशीच. जोर लावावा लागला नाही. रुपया घेतला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

बिलकिसचाची चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. टेबलावर ठेवायला जागा करताना त्यांनी खरा रुपया उचलला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

त्यांनी एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रुपया बिस्किटांच्या बशीच्या कडेला ठेवून दिला.

"चहा तरी घे."

"नको चाची. उशीर होतोय."

चप्पल घालून मी जिना उतरले. खाली दुकानाचं शटर गंजून बंद होतं आणि पायरीवर कुत्रं झोपलं होतं. मी त्याला ओलांडून रस्त्यावर आले. वर खिडकीत काचेवर रुपया पडल्याचा आवाज होतो का, म्हणून क्षणभर थांबले. झाला नाही.

पर्स मी छातीशी धरली होती. कबूल म्हणून आणलेली अमानत मी परत केली नव्हती.